एफ-1 व्हिसा: खिडकीसमोरची दोन मिनिटं

अमेरिकेच्या स्टुडंट व्हिसाच्या, म्हणजे एफ-1 च्या, मुलाखतीला जाडजूड फाइल घेऊन मुलं आत जातात, ऑफिसर त्यातला एकही कागद मागत नाही, आणि बाहेर आल्यावर ती म्हणतात, "काही बघितलंच नाही!" बघितलेलं असतं. डीएस-160, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, समोरच्या पडद्यावर उघडा असतो. आय-20, म्हणजे युनिव्हर्सिटीने दिलेलं प्रवेशाचं कागदपत्र, त्यातली माहिती सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकन सरकारी नोंदप्रणालीत, दिसते. ही मुलाखत बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आटोपते. तेवढ्यात ऑफिसरला एवढंच ताडून बघायचं असतं की फॉर्म जे सांगतोय तेच हा मुलगा किंवा ही मुलगी सांगतेय का.

यामागे कायदा आहे. 1952 च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 214(बी) म्हणतं की अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं आधी धरून चालायचं. तसं नाही हे पटवून देणं अर्जदाराचं काम. 'काही चुकलं नाही तरी नाकारलं' ही तक्रार म्हणून फारशी टिकत नाही. चूक असायलाच हवी असं नाही, ऑफिसरला पटलं नाही एवढं पुरतं.

म्हणून खरी तयारी डीएस-160 भरताना होते, आणि तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतात. फॉर्म एजंट भरतो, मुलगा सही-शिक्क्यासारखा 'सबमिट' दाबतो, आणि आपण काय लिहून दिलंय हे त्याला खिडकीसमोर कळतं. अमेरिकेत नातेवाईक आहेत का, पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेलाय का, गेल्या पाच वर्षांत सोशल मीडियावर कोणत्या नावांनी वावरलात, असे प्रश्न त्यात आहेत. सख्खा भाऊ तिथे नोकरीला असेल तर तसं लिहा. भाऊ असल्यामुळे व्हिसा नाकारला जाईलच असं नाही. लपवलेला भाऊ मात्र महागात पडतो, कारण जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. सबमिट केल्यावर फॉर्म दुरुस्त करता येत नाही. चूक सापडली तर नवा फॉर्म भरायचा आणि त्याचा एए ने सुरू होणारा नवा नंबर अपॉइंटमेंटच्या खात्यातही बदलायचा. ही दुसरी पायरी हमखास विसरली जाते. नंबर जुळला नाही तर मुलाखतीशिवाय परत यावं लागू शकतं.

फीचं थोडक्यात: सेव्हिसचे 350 डॉलर, व्हिसा अर्जाचे 185 डॉलर. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी भरायचे. सेव्हिसची फी मुलाखतीच्या काही दिवस आधी भरून पावती छापून घ्या.

आता आय-20. पहिल्या पानावर खर्चाचा चौकोन असतो: डावीकडे एका शैक्षणिक वर्षाचा अंदाजे खर्च, उजवीकडे पैसे कुठून येणार ते. समजा डावीकडे ट्यूशन 31,000, राहणं-खाणं 17,500, विमा वगैरे 3,500, असे एकूण 52,000 डॉलर आहेत. उजवीकडे युनिव्हर्सिटीची स्कॉलरशिप 10,000 आणि कुटुंबाचे 42,000. हे आकडे पाठ हवेत, कारण "हू इज स्पॉन्सरिंग यू?" या प्रश्नाचं उत्तर तिथेच छापलेलं आहे. आय-20 वर कुटुंबाचे पैसे आणि तोंडी उत्तर "एज्युकेशन लोन", असं झालं की गाडी अडली. आय-20 निघाल्यानंतर लोन मंजूर झालं असेल तर युनिव्हर्सिटीकडून आय-20 सुधारून घेता येतो. निदान उत्तरात तरी तो बदल सरळ सांगा आणि मंजुरीपत्र वरच ठेवा. पहिल्या पानाच्या तळाशी विद्यार्थ्याची सही लागते. ती राहिलेली नाही ना, हेही आदल्या रात्री बघा.

उत्तरांबद्दल. "हीच युनिव्हर्सिटी का?" यावर "इट इज वन ऑफ द टॉप युनिव्हर्सिटीज विथ वर्ल्ड-क्लास फॅकल्टी" हे वाक्य त्या खिडकीने त्याच सकाळी अनेकदा ऐकलेलं असतं. त्याऐवजी असं बघा: "माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पुलांच्या कंपनांवर होता. इथे स्ट्रक्चरल हेल्थ मॉनिटरिंगचा वेगळा कोर्स आहे. बाकी दोन ठिकाणी अ‍ॅडमिशन होती, तिथे तो नव्हता." तीनच वाक्यं, पण दुसऱ्या कुणाला उसनी देता येणार नाहीत अशी. पाठांतर ओळखणं अवघड नसतं. मधेच वेगळा प्रश्न आला की पाठ केलेलं उत्तर तुटतं आणि मुलं पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करतात. मुद्दे लक्षात ठेवा, वाक्यं ठेवू नका. काचेपलीकडून माइकवर येणारा आवाज नीट ऐकू आला नाही तर पुन्हा विचारा. अंदाजाने दिलेलं उत्तर त्याहून वाईट.

शिक्षण झाल्यावर काय, हा प्रश्न सगळ्यांना टोचतो. ओपीटीचे (शिक्षणानंतर त्याच विषयात तात्पुरतं काम) 12 महिने आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांना त्यावर 24 महिने काम करायची मुभा नियमातच आहे, त्यामुळे ते विचारलं तर नाकारू नका. पण तुमची योजना तिथूनच सुरू होत असेल तर शिक्षण हे निमित्त वाटतं. परत येऊन कोणत्या प्रकारच्या कंपनीत, कोणत्या पदावर, आणि त्यासाठी ही पदवी का लागते, एवढं ठोस सांगता आलं पाहिजे. "देशाची सेवा करणार" हे उत्तर नव्हे.

पासपोर्ट ठेवून घेतला तर सहसा काम झालं. 221(जी) चा कागद मिळाला तर काही कागदपत्रं किंवा आणखी तपासणी बाकी आहे; मागितलं तेवढंच द्या आणि थांबा. 214(बी) खाली नकार मिळाला तर त्यावर अपील नाही. पुन्हा अर्ज कधीही करता येतो, व्हिसाची फी पुन्हा भरावी लागते, सेव्हिसची मात्र 12 महिन्यांच्या आत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी लागत नाही. पण तोच फॉर्म आणि तीच उत्तरं घेऊन पुढच्या आठवड्यात उभं राहणं म्हणजे फी वाया घालवणं. आधी काय बदललंय ते स्वतःला सांगता आलं पाहिजे. नव्या फॉर्मवर आधीचा नकार लिहायचाच, 221(जी) सुद्धा, कारण नोंदीत तोही नकारच असतो.

व्हिसा मिळाला की पासपोर्ट हातात आल्या आल्या स्टिकर वाचा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, युनिव्हर्सिटीचं नाव, आणि तळाशी छापलेला एन ने सुरू होणारा सेव्हिस नंबर आय-20 शी जुळतो का. चूक असेल तर तिकीट काढण्याआधी दुरुस्त करून घ्या. आय-20 वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या 30 दिवसांपेक्षा आधी प्रवेश देत नाहीत, त्यामुळे तिकिटाची तारीखही त्याच कागदावरून ठरवा. आणि मूळ आय-20 हातातल्या बॅगेत ठेवा. विमानतळावर तो मागतात तेव्हा चेक-इन केलेली बॅग अजून पट्ट्यावरही आलेली नसते.