दुखत नव्हतं म्हणून खेळलो

ऑपरेशनला सोळा आठवडे झाले होते. मी त्याची फिजिओथेरपिस्ट. त्या सोमवारी त्याला पहिल्यांदा सरळ रेषेत हळू पळवायचं ठरलं होतं. एकवीस वर्षांचा कबड्डीतला रेडर, म्हणजे चढाई करणारा. जिल्ह्याच्या सामन्यात कोपऱ्याने (टोकाला उभ्या बचावपटूने) घोटा धरला, हा मध्यरेषेकडे वळला, पाय मॅटवर तसाच रोवलेला राहिला आणि डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारी आतली दोरी, तुटलं. मांडीमागच्या स्नायूचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) काढून नवी दोरी बसवलेली. शुक्रवारी गुडघा पूर्ण सरळ होत होता, सूज नव्हती.

सोमवारी वाटीच्या बाजूची खोबण भरलेली दिसली. आतलं पाणी तळव्याने वर सारलं, तर बाहेरून न दाबताच परत उतरलं. टेप लावली. घेर दीड सेंटिमीटरने जास्त.

"जिने जरा जास्त चढलो."

मी काही न बोलता लॅकमन तपासणी केली. नडगी पुढे ओढली की दोरी ठाम अडवत होती, म्हणजे वाचली होती. तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, जत्रंत चार रेड मारल्या. दुखतच नव्हतं."

या दुखापतीत मनाला सर्वांत जड जातो तो हाच काळ. सुरुवातीला कुबड्या असतात, शहाळी घेऊन भेटायला येणारे असतात आणि गुडघा सरळ करायचं रोजचं काम असतं. चौथ्या महिन्यात दुखणं जातं, माणसं पांगतात, गाडी चालवता येते. फक्त खेळ तेवढा बंद. त्यात नवी दोरी फसवी. काढून बसवताना तिचा रक्तपुरवठा तुटतो, ती आधी कमकुवत होते, मग नव्या रक्तवाहिन्या आणि तंतू येत महिनोन्‌महिने घट्ट होत जाते. यातलं काहीच पेशंटला आतून जाणवत नाही. हे मी त्याला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, पण पहिल्या आठवड्यात कोण ऐकतं? तिसऱ्या महिन्यात पुन्हा सांगायला हवं होतं.

दुसरी चूकही माझीच. मी त्याला एकच तारीख दिली होती: नऊ महिने. तारीख बरोबर आहे, त्याआधी परतणाऱ्यांत गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका स्पष्टपणे जास्त दिसतो. पण रोज उठून दीडशेच्या वर दिवस मोजत बसणं कोणालाही झेपत नाही.

पळणं दोन आठवडे पुढे ढकललं आणि तारखेच्या जागी वही आली. दर शनिवारी दोन आकडे: डाव्या पायावर खुर्चीतून किती वेळा उठता आलं, आणि उजव्यावर किती. रोज सकाळी एक नोंद: काल केलेल्या व्यायामानंतर आज सूज आहे का, दुखणं दहापैकी किती. तीनच्या वर गेलं किंवा सूज दिसली की त्या दिवशी व्यायामातलं वजन कमी. त्याच्या प्रशिक्षकांनाही फोन केला. "अजून किती दिवस?" हा प्रश्न बंद करा, "या आठवड्यात नवं काय जमलं?" असं विचारा.

खरी अडचण होती संध्याकाळी साडेपाच ते साडेसातची. सात वर्षं ज्या वेळेला मैदानावर जायची सवय, त्या वेळेला हा घरी मोबाईलवर संघाचे फोटो बघायचा. नुसतं बघायला मैदानावर पाठवलं असतं तर आणखी खचला असता. म्हणून आठवड्यातून दोनच दिवस, आणि हातात काम देऊन: समोरच्या रेडरचा पहिला पाय कोणता पडतो, बोनस गुण कधी घेतो, कुठला कोपरा आधी झेप घेतो. उरलेल्या दिवशी त्याच वेळेला जिम.

त्याशिवाय डोळे मिटून पाच रेड. झोपून नाही, चढाईच्या पवित्र्यात उभं राहून, तोंडाने 'कबड्डी कबड्डी' चालू ठेवून, घड्याळ लावून तीस सेकंद, मध्ये एक मिनिट विश्रांती. स्वतःला टीव्हीवर बघायचं नाही, स्वतःच्या डोळ्यांतून समोरचे सात जण बघायचे. या सरावाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वेळी घोटा धरल्याचंच दृश्य यायचं. तसं झालं की डोळे उघडायचे, श्वास सावकाश सोडायचा आणि निदानरेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा) ओलांडून सरळ परत यायची साधी रेड घ्यायची. वळायची रेड सहाव्या आठवड्यात आणली, तीही आधी निम्म्या वेगात.

एक गोष्ट मी दर भेटीला विचारते: झोप, जेवण, आणि "मी कशाला आहे" असं वाटतं का. दोन आठवडे मन उतरलेलं राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. जगण्याबद्दल बोलणं निघालं तर दोन आठवडे थांबत नाही, त्याच दिवशी पाठवते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक वहीच्या पहिल्याच पानावर लिहून दिलेला असतो.

नवव्या महिन्यात एका पायावरच्या उडीत डावा पाय उजव्याच्या ९४ टक्के भरला. पण परतण्याच्या मानसिक तयारीची बारा प्रश्नांची एसीएल-आरएसआय चाचणी घेतली, तर शंभरपैकी ४६. (प्रश्न मी तोंडी, सोप्या मराठीत विचारले, त्यामुळे आकडा काटेकोर मानू नका.) पाय तयार, माणूस नाही. म्हणून पूर्ण सामना न देता पायऱ्या लावल्या: रिकाम्या मॅटवर वळणं, मग एकच कोपरा आणि त्याने फक्त हात लावायचा, मग सांगून घोटा धरायचा, मग न सांगता. प्रत्येक पायरीवर भीती दहापैकी किती ते तो सांगायचा. तीनच्या खाली आल्याशिवाय पुढची नाही.

'न सांगता' या पायरीवर तो तीन आठवडे अडकला होता. चौथ्या आठवड्यात कोपऱ्याने घोटा धरला, तो वळला, सुटला, आणि मध्यरेषेवर आल्यावर आधी गुडघ्याकडे न बघता पंचांकडे बघून गुण मागितला.