भिजलेली पुस्तकं आणि पहिले ४८ तास

इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या वस्तीत आमचं ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं, सार्वजनिक वाचनालय आहे. वर पत्रा, आत १८ खुर्च्यांची अभ्यासिका. माग बारा-बारा तासांच्या पाळीत चालतात आणि कित्येक घरांच्या भिंतीला लागूनच कारखाना असतो. त्या खडखडाटात अभ्यास होत नाही, म्हणून भरतीची तयारी करणारी मुलं-मुली इथे येऊन बसतात.

जुलैतल्या एका सोमवारी कुलूप काढलं तर पायाखाली पाणी. पत्र्याच्या पन्हळीत पाला अडकून पाणी तुंबलं होतं आणि भिंतीवरून ओघळत थेट स्पर्धा परीक्षेच्या कपाटात उतरलं होतं. दीडशेच्या आसपास पुस्तकं भिजली होती. खालच्या फळीवरची दाखल नोंदवहीसुद्धा, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात नोंदवतात ती वही.

आधी मेन स्विच बंद केला. मग हात घातला तो नोंदवहीला. पुस्तक पुन्हा विकत घेता येतं, पण ही वही गेली तर वाचनालयाकडे काय होतं याचा पुरावाच उरत नाही आणि अनुदानाची तपासणी तिच्यावरच होते. बॉलपेनच्या नोंदी शाबूत होत्या. शाईपेनाच्या सह्या आणि शिक्के मात्र पसरले होते. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मगच वही वाळत ठेवली.

पावसाळी हवेत ४८ तासांत बुरशी धरू लागते. तेवढ्या वेळात सगळी पुस्तकं वाळवणं चार माणसांना शक्य नव्हतं, म्हणून कागद बघून वाटणी केली. गुळगुळीत, चकचकीत कागदाची पुस्तकं आधी. त्या कागदावर चिनी मातीचा थर असतो. ओला झाला की तो चिकट होतो, आणि पानं तशीच एकमेकांवर वाळली तर पुस्तकाची वीट होते. मग ती कशानेही सुटत नाहीत. आमचे नकाशासंग्रह आणि चालू घडामोडींचे रंगीत अंक त्यातलेच. साधा खरखरीत कागद त्या मानाने दमदार असतो.

मुलांनी पुस्तकं बाहेर उन्हात टाकायचं सुचवलं. मी नको म्हटलं. उन्हाने कागद वाकडा होतो आणि बांधणीचा डिंक तडकतो. बायंडरकडून कोरा न्यूजप्रिंट आणला. दर २०-२५ पानांमागे एक कागद सरकवायचा, दोन-तीन तासांनी बदलायचा. जास्त कागद कोंबले तर पुस्तकाची पाठ फाटते. वर्तमानपत्र वापरलं नाही, त्याची शाई ओल्या पानाला लागते. कोरड्या सॉकेटवरून पंखे लावले, पण झोत भिंतीकडे. पुस्तकावर थेट वारा आला की पानं फडफडून दुमडतात.

शेजारच्या कारखानदारांनी मागावरून उतरलेलं कोरं कापड टिपायला पाठवलं. मन मोठं, पण त्या कापडाच्या सुताला सायझिंगची खळ असते. ती पाणी नीट शोषू देत नाही, वर बुरशीला खाद्यच. दोनदा गरम पाण्यात धुऊन ते फक्त फरशी पुसायला वापरलं.

चकचकीत कागदाची ३६ पुस्तकं बटर पेपरमध्ये गुंडाळून, पाठ खाली करून, आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवली. फ्रीजर पुस्तक वाळवत नाही, बुरशी थोपवतो फक्त. पुढचे तीन आठवडे रोज दोन-दोन बाहेर काढून, अर्धवट वितळली की पानं अलगद सुटी करत वाळवली.

पाठीवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या. दाखल क्रमांक सापडले ते गुप्त पानावर, म्हणजे वाचनालयाने क्रमांक टाकायला प्रत्येक पुस्तकात ठरवून ठेवलेल्या आतल्या पानावर. ज्या वाचनालयांनी आळस करून गुप्त पानावर क्रमांक टाकणं सोडलंय, त्यांनी ते आजच सुरू करावं.

शेवटी अकरा पुस्तकं गेली. ती लगेच रद्दीत द्यायची नसतात. फोटो, दाखल क्रमांकांची यादी, पंचनामा आणि कार्यकारी मंडळाचा ठराव, एवढं झाल्यावरच निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून पुस्तक कमी करणं. गुरुवारी अभ्यासिका उघडली तेव्हा ते कपाट भिंतीपासून दीड फूट पुढे होतं आणि खालची फळी रिकामी.