झाकण

आमच्याकडचे अरोवाना, म्हणजे घरात शुभ म्हणून पाळतात ते लांबट मासे, आजाराने कमी जातात, टँकबाहेर उडी मारून फरशीवर जास्त. म्हणून ‘मासा गेला, नवीन बसवायचाय’ असा फोन आला की मी आधी टँकचं झाकण बघतो.

घोडबंदर रोडचा फ्लॅट, बारावा मजला. टँक जेमतेम ४ फुटी, वर काचेचा सुटा तुकडा, फिल्टरच्या पाइपसाठी कोपरा कापलेला. रात्री कुणीतरी पाणी प्यायला उठलं, ट्यूबलाइट लावली. सकाळी मासा सोफ्याखाली. घरच्यांनी निकाल लावून टाकला होता: घरावर काहीतरी येणार होतं, ते त्याने अंगावर घेतलं. वास्तूवाल्याने म्हणे तसं सांगूनच ठेवलं होतं. यावर बोलायची सोय नसते.

ॲमेझॉनच्या पुरात बुडालेल्या जंगलात हा मासा, म्हणजे सिल्व्हर अरोवाना, फांदीवरचा किडा टिपायला पाण्याबाहेर झेपावतो. दचकला तरी तेच करतो. डोकं मावेल तेवढी फट त्याला पुरते.

साहेबांना या खेपेला लाल हवा होता. लाल म्हणजे आशियाई अरोवाना, त्याला ओळखीची चिप लागते, कागद लागतात, वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीही, हे ऐकल्यावर ते सिल्व्हरवर आले. टँक ६ फूट लांब, अडीच रुंद, अडीच उंच. लांबीला सगळे तयार असतात. रुंदी मागितली की दिवाणखाना अडतो म्हणतात. पण मोठ्या झालेल्या, दोन-अडीच फुटी माशाला वळायला रुंदीच लागते. पाणी २ फुटांपर्यंतच, म्हणजे साधारण ८५० लिटर. काच, स्टँड धरून वजन टनाच्या वर, त्यामुळे जागा इंजिनिअरला विचारून ठरवली. इंटिरिअरवाल्या बाईंना वरून उघडा टँक हवा होता, ‘क्लीन लुक’. त्यांना मासा म्हणजे फुलदाणी वाटते.

झाकणावर मी पूर्ण दुपार घालवली. काच नको, नाक आपटलं की खवले आणि मिशा जातात. पातळ ॲक्रिलिक वाफेने वाकतं, कोपरा उचलला जातो. म्हणून दुपदरी पॉलिकार्बोनेट, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा पत्रा, ॲल्युमिनियमच्या चौकटीत, चारी बाजूंनी क्लिपा. पाइपभोवती स्पंज कापून ठासला. खाण्यासाठी तळहाताएवढी बिजागरीची खिडकी, ती आपोआप मिटते.

पाठ आणि एक बाजू काळी केली, वर तरंगती झाडं सोडली. दार आपटतं त्या भिंतीला टँक लावला नाही. सगळ्यांना बजावलं: आधी खोलीतला दिवा, मग टँकचा, बंद करताना उलट. क्लोरीन मारणारं अँटिक्लोर टाकून पाणी भरलं आणि अमोनिया, नायट्राइट ही माशाला विषारी द्रव्यं शून्यावर येईपर्यंत टँक माशाविना तसाच चालवला. रिकाम्या टँकचे पैसे कसले, असंही ऐकून झालं. मासा जाळीने उचललाच नाही, पाण्यातच पिशवीत घेतला. पहिल्या दिवशी कोपऱ्यात थांबला, दुसऱ्या दिवशी वर येऊन झुरळ खाल्लं.

निघताना आजी क्लिपा निरखत होत्या. म्हणाल्या, “अहो, एवढं बंद केलंत, मग वेळ आली तर हा संकट घेऊन बाहेर कसा जाणार?”

मी बिलाचा कागद पुढे केला. घरातल्या कोणालाच हसू आलं नाही. महिन्याच्या पाणीबदलाला जातो तेव्हा सगळ्यात आधी क्लिपा मोजतो.