खालचा पाइप गार होता

"भाऊ, रेडिएटरच्या खालच्या पाइपला हात लावा."

मी घाबरतच लावला. गार! वरचा मात्र चटका देत होता.

"मग पाणी फिरतंय कुठे?" पाथर्डी फाट्यावरचे मिस्त्री एवढंच म्हणाले.

बाबांची जुनी पिकअप. टोमॅटोचे क्रेट भरून पिंपळगावला निघालं की तापमानाचा काटा लालवर. दोन महिन्यांत रेडिएटर बदलून झाला, वॉटर पंप झाला. एकाने तर हेड गॅस्केट गेलं म्हणून इंजिनच खोलायला सांगितलं. पाइपला हात कुणीच लावला नव्हता.

मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढला, म्हणजे इंजिनचं पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरमधून फिरू देणारी झडप. शेजारच्या टपरीवरून उकळत्या पाण्याचं पातेलं आणलं आणि तारेला बांधून तो आत सोडला. साधारण ८२ अंशांना उघडायला हवा. पाणी खदखदत होतं, हा मिटलेलाच. मग नवा सोडला. तो हळूहळू उघडत गेला. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. किती साधी, किती सुंदर परीक्षा!

"नवा कशाला, तसंच चालवू की," मी म्हणालो. बरेच जण चालवतात. मिस्त्रींनी ठाम नकार दिला. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन हवं तेवढं तापत नाही, डिझेल जास्त खातं.

संध्याकाळी भरल्या गाडीने पिंपळगावला जाऊन आलो. काटा मध्यावरून हलला नाही.

पण एक गोष्ट मनातून जात नाहीये. बाबा पहिल्या दिवसापासून सांगत होते, "रेडिएटर खालून तापतच नाही रे." त्यांचं कुणी ऐकलं नाही. मीही नाही.