लिंबूटिंबू

फोंड्यातील बरीच दुकाने दुपारी एकला दारे ओढून घेतात ती चारच्या आधी उघडत नाहीत. अशाच एका निवांत दुपारी मी भाच्याच्या व्हिडिओ गेमच्या कन्सोलवर हात चालवून पाहत होतो. तिसऱ्यांदा माझा खात्मा झाल्यावर तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मामा, तू कॅज्युअल रे." त्याच्या जगात खेळाडूंच्या दोनच जाती आहेत, रात्री जागवणारे हार्डकोअर आणि उरलेले. आम्ही अशा उरलेल्यांना लिंबूटिंबू म्हणत असू, आणि तो शब्द मला अधिक दयाळू वाटतो; लिंबूटिंबूला निदान कोणी बाद करत नसे.

२००६च्या अखेरीस निन्टेन्डोने वी हे यंत्र आणले, ते या लिंबूटिंबूंना डोळ्यांपुढे ठेवूनच. प्रतिस्पर्धी अधिकाधिक रेखीव चित्रांच्या मागे लागलेले असताना यांनी टीव्हीच्या रिमोटसारखा दांडा हाती दिला. तो फिरवला की पडद्यावर टेनिसची रॅकेट फिरे. अशी दहा कोटींहून अधिक यंत्रे खपली, आणि सोनीचे प्लेस्टेशन ३ पावणेनऊ कोटींच्या आसपास राहिले. पुढे २०१२ साली आलेले वी यू मात्र जेमतेम १ कोटी ३५ लाख गेले. त्याची इतरही कारणे असतील. पण ज्याला घरात फक्त बोलिंग खेळायचे होते, तो दुसरे यंत्र घेईल कशाला?

माझ्या आत्यानेही घेतले नसते. आखातात नोकरीला असलेल्या काकांनी डिचोलीच्या घरी टीव्ही गेम आणला, तेव्हा आम्ही मुले कॅसेटमध्ये फुंकर मारमारून मारिओला पळवत असू. आत्याला त्या धावपळीत रस नव्हता. जेवणाची भांडी आटोपली की ती प्लास्टिकची बंदूक घेऊन 'डक हंट'मधली बदके मारायला बसे. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतला डोळा तेवढा उजेड टिपे. आम्ही लबाडीने नळी काचेला टेकवत असू. आत्या मात्र भिंतीला टेकलेल्या पाटावरून हलत नसे. नेम चुकला की गवतातून वर येऊन हसणाऱ्या कुत्र्याला ती "थांब, मेल्या" असे बजावी आणि पुन्हा नेम धरी. यंत्राला स्मरणशक्ती नव्हती आणि पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून ती आपले गुण पेन्सिलीने कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी टिपून ठेवी. असे कित्येक पावसाळे गेले. भाच्याच्या वर्गवारीत हिला कोठे बसवावे, हे मला अद्याप कळलेले नाही.

ती बंदूक आताच्या सपाट टीव्हीवर चालत नाही. आत्याच्या कपाटाच्या खणात अंथरलेले कॅलेंडरचे एक पान मात्र गेल्या चतुर्थीला साफसफाई करताना भाच्याच्या हाती लागले.

"मामा, एवढे दूध घ्यायचे तुम्ही?"

मी हो म्हटले.