तुम्ही विचारलंत म्हणून: सपाटच तर आहे, मग तयारी कसली?

चाटी गल्लीतल्या आमच्या दुकानात टॉवेलांचे गठ्ठे सोडता सोडता हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. "ताई, तुम्ही त्या मालवणला जाऊन समुद्राच्या कडेनं चालता म्हणे. गड नाही, चढ नाही. मग दोन-दोन महिने आधीपासून ठरवता तरी काय?" विचारणारा सोलापूरचा असतो, म्हणजे चालण्यात कच्चा नसतो. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणारी माणसं आपण. रात्रीतून 45 किलोमीटर तुडवतो आणि तयारी म्हणून फार तर जुनी चप्पल शोधून ठेवतो. दहा किलोमीटरच्या सपाट वाळूसाठी वही-पेन काढणारी बाई त्यांना जरा अतीच वाटते.

मलाही वाटायचं. पहिल्या खेपेला आम्ही पाच जणी गेलो ते मुद्दाम पौर्णिमा बघून. रात्री चांदणं मिळेल, एवढाच विचार. सकाळी घावणे खाल्ले, दुसरा चहा झाला, आरामात नऊ वाजता मालवणच्या दांडीच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला निघालो. मोरयाचा धोंडा, वायरी, तारकर्ली आणि मग देवबाग, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. तारकर्लीपर्यंत मजेत. देवबागच्या अलीकडे वाळूच संपली. धूप थांबवायला रचलेल्या दगडांवर लाटा आपटत होत्या, डावीकडे माडाच्या वाडीचं कुंपण, आणि आम्ही मध्ये, बूट गळ्यात अडकवून, गुडघाभर पाण्यात. शेवटी वाडीतल्या एका आजींनी कवाडी उघडून आम्हाला आत घेतलं. त्यांनी विचारलं, "आज पुनव मा? तुमका म्हायत नाय?"

माहीत होती की! संकष्टी, एकादशी, प्रदोष सगळं भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून करणारी मी. पण तिथीनं समुद्रही हलतो, हे सोलापुरात कुणाला सुचणार? आमच्याकडे पाणी हलतं ते उजनीचं, आणि तेही नळाला येईल त्या दिवशी.

तर तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे: डोंगरावर वाट जागच्या जागी असते, किनाऱ्यावर ती दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. ती कधी उघडी असेल एवढंच आम्ही ठरवत असतो. बाकीचं आपोआप बसतं.

कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचा जुना हिशोब आहे, आता आमच्या दुकानाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे येईल ते पूर्ण भरतीचं घड्याळ. पौर्णिमा म्हणजे 15, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आम्ही बरोबर भरतीच्या तोंडात गेलो होतो. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि हे सगळं रोज 50 मिनिटांच्या आसपास पुढे सरकतं. आता पंचमी घ्या. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारला भरती आणि सकाळी साडेनऊला ओहोटी. षष्ठीला ओहोटी सव्वादहाला, सप्तमीला अकराला. सकाळी साडेसातला निघालं तर पाणी आपल्यापुढे मागे हटत जातं, आणि ते वळून चढायला लागेपर्यंत देवबागचे दगड ओलांडून झालेले असतात. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, म्हणून महिन्यातून दोनदा संधी. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. हा अर्थात अंदाज. निघायच्या आदल्या दिवशी बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता मोबाईलवर बघायचाच, कारण पंधरा-वीस मिनिटांनी आमची पाऊणकी चुकलेली मी पाहिली आहे.

आता पंचमी ते सप्तमी यातली एखादी तिथी शनिवार-रविवारी यायला हवी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत यायला हवी, आणि जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा टाळून यायला हवी, कारण त्या आठवड्यात घरातून कोण सोडणार? लागतात मग दोन महिने.

वाळूचंही एक सांगते. सपाट म्हणतात ती वाळू सपाट नसते, समुद्राकडे उतरती असते. मालवणहून देवबागकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे तीन तास उजवा पाय खाली आणि डावा वर. संध्याकाळी एकच कंबर दुखते तेव्हा कळतं. ओहोटीच्या वेळी खाली जो ओला, घट्ट पट्टा उघडा पडतो तो त्यातल्या त्यात सरळ, म्हणूनही ओहोटी हवी. वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत दहा किलोमीटरचे वीस वाटतात. पटत नसेल तर पंढरपूरला जाल तेव्हा चंद्रभागेच्या वाळवंटात तासभर चालून बघा. आम्ही नव्या मैत्रिणीची परीक्षा तिथेच घेतो, दर्शन झाल्यावर. आणि अनवाणी चालायचा मोह सगळ्यांना होतो. पहिले दोन किलोमीटर गोड, पाचव्याला ती वाळू पॉलिश पेपरसारखी तळवे घासते. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, बूट नकोत.

वाटेत रापण दिसली तर थांबा. समुद्रात अर्धगोल जाळं टाकून त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढत असतात, उलट्या पावलांनी, एका लयीत. दोर आडवा येतो म्हणून त्यावरून उडी मारून जाऊ नये, माणसांच्या मागून वळसा घ्यावा. मी एकदा हौसेनं हात लावला. ओला दोर तळहातावरून सरकला तसा चटका बसला, आणि शेजारची बाई माझ्या डबल वयाची, गप्पा मारत ओढत होती. जाळं जवळ आलं तेव्हा आतून आधी आवाज आला, कढईत मोहरी तडतडावी तसा. मग चमक दिसली.

उन्हाबद्दल सोलापूरकराला सांगायला जाऊ नये असं म्हणतात. मी सांगते. आमचं 42 कोरडं असतं, घाम येतो न येतो तोच उडतो. मालवणला जानेवारीतही अकरा वाजता ब्लाऊज पाठीला चिकटतो आणि घाम वाळतच नाही. माणशी दोन लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर. सकाळी नऊपर्यंत डावीकडच्या माडा-सुरूंची सावली मिळते, म्हणूनही साडेसात. त्यानंतर टोपी. दुपारचा समुद्राकडून येणारा वारा वायव्येचा, तो देवबागकडे जाताना पाठीशी असतो. परत मात्र वाळूनं येऊ नका, रिक्षा करा.

प्रवासाचं थोडक्यात: रात्री सोलापूर सोडायचं, पहाटे कोल्हापूर, तिथून फोंडा घाट उतरून मालवण. तो दिवस झोपेत जातो. चालायचं दुसऱ्या दिवशी, आणि तिसरा परतीत. एका सकाळच्या चालीला तीन दिवस, हे घरी सांगताना मीही आवाज जरा खालीच ठेवते.

शिदोरी आपलीच, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. इथे कपाटात महिनाभर कुरकुरीत राहणारी भाकरी तिथल्या खाऱ्या दमट हवेत एका रात्रीत पापडासारखी सादळते, तोडायला गेलं तर वाकते. कापडात बांधून नेऊ नका. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, आणि तो संगमावर पोचेपर्यंत उघडू नका, कुणी कितीही मागितली तरी.