देवळाच्या मंडपातले अर्ज

गोव्यातल्या मोपच्या विमानतळाचे डिसेंबर 2022 मध्ये उद्घाटन झाल्यापासून आमच्या पेडणे तालुक्यात जमिनीचे दलाल काजूच्या बागायतींतून हिंडू लागले, आणि पूर्वी शिक्षकाला वर्षभरासाठी मिळणारी खोली आता पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने दिली जाते. परवाच्या ग्रामसभेत शेजारच्या काकींनी पिशवीतून घरपट्टीच्या कडा झिजलेल्या पावत्या काढून टेबलावर मांडल्या. दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला घराबाहेर काढता येऊ नये, म्हणून केलेल्या 1975 च्या मुंडकार कायद्याचे संरक्षण त्यांना आहे, पण नोंदणीचा अर्ज सासऱ्यांनी कधी केलाच नव्हता. आता गावातली शिकलेली मुले रविवारी देवळाच्या मंडपात बसून असे अर्ज भरून देतात. 2007 साली लोकांच्या रेट्यामुळे सरकारला राज्यातली जमीन कशी वापरायची हे ठरवणारा ‘प्रादेशिक आराखडा 2011’ रद्द करावा लागला, त्यापुढे हे काम किरकोळ दिसते. मला मात्र तेच अधिक टिकाऊ वाटते. काकींना मामलेदारांकडची तारीख अजून मिळालेली नाही.